तारपा वाजवणाऱ्याचे ओठ

—नाय, ते नको, ते ठेव खाली. तेच काळं मेण. तेच परवा तू पातळ करून त्याच्या ओठांना लावलंस आणि बेटेगावच्या नाचात सगळ्या पाड्यांसमोर त्याचे ओठ तारप्याला चिकटून बसले. हा बघ, हा पिवळा गोळा, हा ओठांचा. काळा तो तारप्याचा — दुधीचा भोपळा आणि खालच्या बांबूच्या नळ्या, त्यांच्या सांध्यात भरायचा, वारा बाहेर फुटू नये म्हणून. झाडाच्या ढोलीत त्या बारक्या माश्या असतात ना, चावत नायत त्या, त्यांचं मेण ते. गुपचूप येतात, ढोलीत घर करतात, आणि चिकट कसं, तर एकदा धरलं की सोडायचं नाव नाय. आता तू तोंड का पाडलंस? मी मेणाचं बोलते. मेणाचंच बोलते.

बस. तिकडे नको, धूर तिकडेच जातो, इकडे गोणपाटावर बस. तो बोलला ना, बुधे, हिला मलम शिकव — बोलला आणि तारपा उचलून गेला अंगणात, माज्या तोंडाकडे बघितलं पण नाय. मंग शिकवते. नवऱ्याचं मलम सवतीला शिकवायचं, हे पण करते, काय बिघडलं? मी रागाने बोलते असं तुला वाटेल, पण माजा आवाजच असा हाय, शेळ्या पण घाबरतात. फक्त एक आदीच सांगून ठेवते, चिमी, मागून बोलू नको की बुधीने सांगितलं नवतं. करायचं तू शीक. उद्यापासून तूच कर, मेण धू, तेल आण, धूर खा. पण त्याच्या ओठांना लावायचं ते माज्याकडे. ते मी कोणाला देणार नाय. तो बोलला शिकव, बरोबर? लावायला दे असं काय तो बोलला नाय, मी नीट ऐकलंय.

हां, आता बघ. मेण आदी धुवायचं. माजा भाऊ जिवल्या डोंगरातल्या कड्यावरून पोळं काढतो, मोठ्या माश्यांचं, खाली धूर करून दोरावर उतरतो, आणि आणतो तेव्हा त्यात अर्ध्या मेलेल्या माश्या, पाला, राख, काय काय असतं. ते पाण्यात टाकायचं, पाणी उकळू द्यायचं, घाण खाली बसते, मेण वर येतं. मंग फडक्यातून गाळायचं — जुन्या लुगड्याचं फडकं घे, नवं नको, नवं मेण पितं. नवं काय पण पितंच, आदी सगळं पितं, मंग बघू म्हणतं. हे आजचं मी धुऊन ठेवलंय, तुला दाखवायला तेवढं तोडते. एवढं. नाय, तुज्या मुठीएवढं नाय गे, सुपारीएवढं. सुपारी बघितलीस ना? तुमच्या पाड्यात काय बघतात काय नाय, मला कसं कळणार, मी तुज्या पाड्याला कदी आले नाय. तोच येत होता. भात कापायच्या दिवसात माणसाला अंग टाकायला वेळ नसतो आणि हा येत होता तुमच्या पाड्याला तारपा वाजवायला, की तारपा कोपऱ्यात टेकवून अजून काय करायला, ते मी त्याला विचारलं नाय आणि तुला पण विचारत नाय.

वाटी जाळावर ठेवू नको. मडक्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत मेण. सरळ जाळावर ठेवलं की मेण करपतं, मंग त्याचा असा वास येतो की तोंडाजवळ नेववत नाय. मी पहिल्यांदा केलं तेव्हा करपवलं होतं. मला कोणी सांगितलं नवतं. सासू होती, पण सासूच्या डोळ्यांत तेव्हा फूल पडलेलं, ती नुसती म्हणायची, वासाने कळेल, वासाने कळेल. कळलं, पण करपल्यावर. आणि कडक पण झालं, दगडासारखं. याने एकदा ओठावर घासलं आणि गोळा उचलून जो फेकला तो त्या बांधापलीकडे, अजून असेल नांगरटीत कुठे. आणि मंग गप्प. बोलायचाच नाय. मी भाकर ठेवायची, तो खायचा, उठायचा. अख्खी थंडी तशी काढली मी, नवी नवरी. आणि तू—

जाऊ दे. तेल दे ते. ते नाय, ते दिव्याचं. कोपऱ्यातल्या बुधल्यातलं, मोहाच्या बियांचं. बघ, कसं थिजलंय. थंडीत हे तुपासारखं होतं, म्हणून तर ओठांना बरं. पावसाच्या तोंडाला बिया पडतात, त्या मी वेचते, मी फोडते, मी वाळवते, कुटते, वाफवते, दोन फळ्यांत घालून पिळते. मी. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तसं काय मी बोलत नाय, तू काय नागोबा नायस, पण बुधला भरलेला सापडला तुला, एवढं तरी मनात ठेव. वासाला उग्र असतं. म्हणून हे विड्याचं पान टाकते मी, चिंचणीच्या बागेतलं, लाकडाची मोळी घेऊन जाते ना बाजाराला तेव्हा तिथली बाय देते. पान तडतडलं, काळपट झालं, की काढून टाकायचं. वास मरतो. पूर्ण नाय मरत, पण त्याला चालतो. त्याला काय चालतं आणि काय नाय ते सगळं म्हाईत हाय मला. तुला काय म्हाईत हाय? तो हसतो कसा ते म्हाईत हाय.

मध? मध कशाला? तुज्या आईने सांगितलं? तुज्या आईला बोल, मध लावून तोंड गोड करायला तो काय नवरदेव नाय. असला तरी नाय. मध लावून तारपा वाजवायला उबा राहिला तर नाचणारे राहतील बाजूला आणि मुंग्या फेर धरतील. बघ, मला पण हसू आलं. हसू नको तू. ढवळ. बांबूच्या काडीने ढवळ, एकाच बाजूने, थांबू नको.

आता यातली खुबी सांगते, ही मी जानूच्या बायकोला पण सांगितली नाय, सून हाय तरी. हे मलम बाकीच्या मलमासारखं नाय. आमचा जानू तारापूरला जातो ना, तो अणूचा कारखाना बांधतायत तिथे खडी उचलायला, ट्रक येतो बोईसरच्या रस्त्यावर न्यायला — त्याने मागे बोईसरच्या दुकानातून बाटली आणली. पांढरं, गुळगुळीत, वासाचं. साहेबांच्या बायका लावतात म्हणे. बापाला बोलला, बाबा, आईचं ते मेणबीण सोड, हे लाव. लावलं. आणि तारप्याला तोंड लावलं तर तोंड घसरतंय. नुसतं घसरतंय. वारा बाजूने फुस्स. बाटली गेली शेळीच्या फाटलेल्या आचळाला लावायला. तेव्हा तो बोलला, बुधे, तुजंच बरं. बोलला होता तसं. जानू होता तिथे, विचार त्याला. — तर खुबी ही. तारपा वाजवणारा मधे तोंड काढत नाय, नाकाने श्वास घेतो, गालांत वारा साठवतो, आणि नाच चालू हाय तोवर वाजवत राहतो. म्हणून मलमाने ओठ धरायला पण पाहिजे आणि सोडायला पण पाहिजे. मेण जास्त तर धरून ठेवतं, तेल जास्त तर घसरतं. हे माप डोळ्यांत असतं. अजून मेण टाक. थोडं. अजून. बस.

तू लावलंस ते नुसतंच धरणारं. काळं मेण आणि वर खोबरेल. मी नाचातच होते, फेरात मागे, माजा गुडघा धरतो म्हणून आता मागेच असते. सगळे गोल फिरतायत, कमरेला हात, तो मधे, आणि त्याने वळून दुसरी चाल घ्यायची म्हणून जरा तोंड सैल केलं — आणि सुटेना. तारपा ओढला तर ओठ पण येतोय सोबत. सूर असा निघाला, म्हशीचं रेडकू अडकल्यावर ओरडतं तसा. फेर तुटला. पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले, कोणीतरी माज्या पायावर पाय दिला. आणि त्याच्या तोंडाला हे काळं, मिशांपर्यंत. मला वाटलं, आता हा पेटणार. आता हा तारपा आपटणार आणि या पोरीला — तुला — धरून आणणार पुढे आणि बोलणार, जा तुज्या आईकडे. मी वाट बघत होते. खरं सांगते, मी गुडघ्याची कळ विसरून टाचा उंच करून बघत होते.

आणि तो हसला. तेल मागितलं, तोंड पुसलं, तुज्याकडे बघितलं आणि हसला. दात दिसले त्याचे. त्या आडव्या दातामागे एक पडलेला हाय ते मला त्या दिवशी कळलं, चिमी, एवढ्या वर्षांत तो माज्यासमोर तेवढं तोंड उघडून हसलाच नाय. तू पदर तोंडात कोंबून उबी, त्याने तुज्या हनुवटीला पण काळं लावलं बोटाने, आणि सगळे हसायला लागले, आणि नाच परत सुरू झाला. माजं करपलं तर बांधापलीकडे. तुजं चिकटलं तर हसू. मला जाळतं ते. कशाला लपवू, मेण वितळतंय तसं मी पण वितळते आतून, तुला काय दिसत नाय का? दिसतं. तू काय आंधळी नायस.

आणि तू एवढा मोठा गोळा उचललास, नाकाशी नेऊन वास घेतलास, अर्धा तोडून बाकीचा परत फडक्यात बांधलास, तेव्हा तुला शंका पण आली नाय की हे एवढं काळं कसं? … काय? मला कसं म्हाईत तू वास घेतलास? म्हणजे — सगळेच घेतात. मेण हातात घेतलं की माणूस नाकाशी नेतोच. अर्धा तोडलास ते फडक्यात दिसलं मला नंतर. मी चुलीकडे तोंड करून बसले होते, पाठ होती माजी. पाठीला काय डोळे असतात? — ढवळ तू. का थांबलीस? ढवळ, नायतर दाणा धरेल.

बरं, बघितलं. बघितलं मी. मंग? तू विचारलंस मला? आक्का, हे की ते, एवढं एक विचारलं असतंस. मी अंथरुणात पडलेली, अंग दुखतंय म्हणून, डबी रिकामी, आणि तू लगेच पदर खोचून, मी करते, मी करते. डबी रिकामी का होती? संपली म्हणून रिकामी. नवी का केली नाय? सांगितलं ना, अंग दुखत होतं. एवढं पण दुखत नवतं. पण मला वाटलं, थंडी वाढली, त्याचे ओठ फुटतील, डबी उघडेल, रिकामी दिसेल, मंग येईल माज्यापाशी. येऊन बसेल आणि बोलेल, बुधे, ओठ फुटले. तू या घरात आल्यापासून तो मला फक्त शेळ्यांचं बोलतो. शेळी बांधली का, शेळीने पाला खाल्ला का. मी डबी तशीच ठेवली आणि पडून राहिले, कान दाराकडे. डबीचं झाकण उघडलेलं पण ऐकलं मी. आणि मंग तो बोलला, चिमी, यात काय नाय गे. चिमी. मी तिथेच पडलेली, एका हाताच्या अंतरावर. मंग तू ते काळं मेण उचललंस आणि मी गप्प राहिले. तू पण गप्प राहिली असतीस.

रडू नको. रडलीस तर वाटीत पडेल, मंग तडतडतं ते. तुला मी घालवत नाय या घरातून, मी कोण घालवणारी. काम करतेस, पाणी आणतेस, मला रात्री गुडघ्याला शेक देतेस, सगळं खरं हाय. तू वाईट असतीस तर मला बरं झालं असतं.

बघ, आता नखावर थेंब घे. फुंकर मार. पांढरा झाला? दाब. आता दुसऱ्या बोटाने उचल — धरतंय? आणि सोडतंय? हां. हे झालं. हात बरा हाय तुजा, पहिल्याच वेळेला जमलं. मला तीन थंड्या लागल्या. ती डबी आण, पॉलिशची. जानूने साहेबाच्या बंगल्यामागून उचलून आणलेली, काळं बुटाचं पॉलिश होतं त्यात, राखेने घासून घासून माजी नखं झिजली तेव्हा वास गेला. ओत. हळू. भरू दे काठापर्यंत. हलवू नको आता, आपोआप धरेल.

तर आता कळलं ना, करणं एवढंच असतं. लावणं वेगळं. तुला वाटेल बोट घेतलं आणि फासलं. नाय. नाचाला निघायच्या आदी, ऊन उतरताना, तो माज्यासमोर येऊन बसतो. खाली, जमिनीवर. एवढा उंच माणूस, सगळ्या पाड्यांत ज्याला बोलावतात, तो माज्यासमोर मांडी घालून तोंड वर करतो. आणि मी लावते. वरचा ओठ आदी, मंग खालचा. बोलत नाय तो. मी पण नाय. त्याचा श्वास लागतो माज्या बोटाला, गरम. बाहेर कोणी हाक मारली तरी उठत नाय. मंग उठतो आणि जातो, आणि मंग तो सगळ्यांचा. पण तेवढा वेळ — तेवढंच हाय माज्याकडे, चिमी. बाकी त्याने मला काय दिलं? लुगडं दिलं, ते सगळेच देतात. पोरं दिली, ती पण आता आपापल्या बायकांची. रात्र तुजी हाय, मी बोलले काय? एका शब्दाने बोलले नाय, तोंड भिंतीकडे करून झोपते. हसणं पण तुजं. घे. पण हे तेवढं ठेव माज्याकडे. मी तुला मागते हाय, बघ, मागते. आज पण नाच हाय, ऊन उतरायला लागलंय, आता येईल तो आत, आणि माज्यासमोर बसेल. तू तेव्हा जरा शेळ्यांकडे जा. जाशील ना?

जाशील. मान हलवलीस, मी बघितलं. चांगली हायस तू.

थांब. ऐक. — ऐकलंस? बुधे म्हणून हाक मारली. चिमी नाय, बुधे. मी बोलले नवतं? सवय हाय त्याला, ओठ कोरडे पडले की तोंडात माजंच नाव येतं, नवं ते नवं. नव्याचे नऊ दिवस असतात, बाय, मंग माणूस बरोबर आपल्या जागेवर येतो. सरक, मला उठू दे, हा गुडघा — आले रे, आले. झालंय मलम. तू ये ना आत, बस इथे. — काय? ऐकू नाय आलं. …

…

हां.

हां, झालंय. शिकली ती. हो, तिनेच केलं. … हां. पाठवते.

जा. तुला बोलवतोय. चिमीला पाठव बोलला, डबी घेऊन. बघतेस काय माज्याकडे, मी काय नाय बोलले त्याला, ऐकलंस ना तू. झाकण लावू नको, गरम हाय अजून. नको, नको, मला देऊ नको ती डबी, त्याने तुला बोलावलंय. बोट धू आदी, सकाळी मिरच्या कुटल्यास. पुस. आणि चिमी — डाव्या कोपऱ्याला भेग हाय त्याच्या, वरून दिसत नाय, तोंड उघडलं की उघडते. तिथे घासू नको, दुखतं त्याला, तो सांगणार नाय. नुसतं बोट ठेव आणि जरा थांब. डोळे मिटेल तो, मंग लाव.

जा ना बाय, ऊन चाललं. मला वाटी खरवडायची हाय.